काकाचं गाळणं आणि माझा नारू

तुमच्या घोट्याजवळ फोड येऊन फुटला असेल आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं काही डोकावत असेल, तर तो नारू आहे, त्याला ओढू नका. मी ओढलं. खाली जे लिहिलं आहे ते सगळं त्या एका ओढण्यातून निघालं आहे.

लिहायचं कारण एवढंच की आमच्या जवळा बाजाराच्या अंगाला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पाय बांधून पडलेलं असतं, आणि येणारा-जाणारा त्याला एकेक इलाज सांगून जातो. मी ते सगळे इलाज केले. चुकीच्या क्रमानं केले. त्यामुळे माझ्याजवळ अनुभव भरपूर साठला आहे, आणि तो वाटून टाकलेला बरा.

नाव लक्ष्मण, घरात लखा. हंगामात हिंगोलीच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस घालायला असतो आणि उन्हाळ्यात गावी येतो. रेच्याचं काम उभ्यानं करायचं असतं. लंगड्या माणसाला तिथं कुणी उभं करत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पायाची भीती म्हणजे माझ्या लेखी दुखण्याची भीती नव्हती. घरी माय, बायको सुंद्रा आणि दोन लेकरं होती, आणि ती सगळी माझ्या दोन पायांवर उभी होती.

दुसरं सांगायचं ते माझ्या स्वभावाचं. मी संशयी आहे. दुकानदारानं गुळाची पुडी नीट बांधून दिली तरी मी ती वाटेत सोडून बघतो. एवढी नीट काहून बांधली असेल? या स्वभावानं मला पुष्कळदा वाचवलं आहे. या वेळी त्यानं पायच घालवायचा बाकी ठेवला होता.

काका

माझा सख्खा काका भिकाजी. जवानीत रंगूनला गेला, तिथल्या गोदीत हमाली केली. जपानची लढाई तिकडे पोचली तेव्हा डोंगर-जंगल तुडवत पायी परत आला. परदेशातून येणारा माणूस काही तरी घेऊन येतो म्हणून सगळा महारवाडा जमला होता. काकाच्या पिशवीतून एक दुहेरी शिवलेलं पिवळट फडकं निघालं. बस.

ते पाणी गाळायचं फडकं होतं. रंगूनला काका एका बुद्धविहाराच्या मागच्या खोपटात राहायचा. तिथल्या भिक्खूंना फुंगी म्हणतात. फुंगीजवळ वस्तू मोजक्याच असतात, पण त्यांत पाणी गाळायचं फडकं असतंच. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते आपल्या घोटाबरोबर मरू नयेत म्हणून. काका गावी आला आणि तेच करू लागला. बारवेवरून घागर आणायची, फडक्यातून गाळायची, मग फडकं घेऊन पुन्हा बारवेच्या पायऱ्या उतरायचं आणि ते उलटं करून पाण्यात हळूच झटकायचं. "जा, आपापल्या घरी जा," म्हणायचं.

आता ही बारव. गावातला आड वरच्या लोकांचा. तिथं दोरानं पाणी शेंदतात. आमच्या वाट्याला शिवारातली जुनी बारव आली होती. पायऱ्या उतरून थेट पाण्यात पाय घालता येतो अशी. तिच्या कोनाड्यातला देव कधीच कुणी तरी उचलून नेला होता. बाटायला काही शिल्लक नव्हतं म्हणून ती आम्हाला मिळाली. आम्ही आणि मेंढरं पाजायला येणारे धनगर, एवढेच तिचे मालक.

काका आला त्या सुमारास आमच्या लोकांत धर्म सोडायचा का, सोडला तर कोणता धरायचा, यावर चार माणसं जमली की खल चालायचा. कुणी काकाचं मत विचारलं की तो म्हणायचा, आधी पाणी गाळून बघा. लोक हसायचे. मी हसत नव्हतो. ज्याला गाव शिवत नाही, तो माणूस न दिसणाऱ्या किड्याची काळजी वाहतो, यात काही तरी डाव असलाच पाहिजे असं मला वाटायचं. शिवाय तो सकाळी गोणपाटावर डोळे मिटून बसायचा. डोळे मिटून बसलेला माणूस काय करून राहिला हे बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.

आणि मुख्य गोष्ट. काका आणि त्याच्याजवळ राहणारी माझी विधवा आत्या शेवंता, या दोघांना काका आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यापासून नारू झाला नाही. सगळा वाडा लंगडायचा आणि ही दोघं ताठ चालायची. हे मी मनात नोंदवून ठेवलं होतं.

काडी

लढाई संपून वर्ष झालं असेल. हंगाम संपून जिन बंद झालं, मी गावी आलो आणि माझ्या डाव्या घोट्याला फोड आला. निखारा पायावर ठेवून कुणी तरी विसरून गेलं आहे, अशी ती आग. आमच्याकडे यावर एकच रिवाज: उठायचं, बारवेच्या खालच्या पायरीवर बसायचं आणि पाय पाण्यात सोडायचा. सगळे नारूवाले तेच करायचे. पाण्यात पाय गेला की जीव थंड व्हायचा. फोड फुटला आणि दोरा दिसू लागला.

दोरा काढायचं काम काकानं अंगावर घेतलं. खराट्याची एक काडी घेतली, दोऱ्याचं टोक तिला गुंडाळलं आणि काडी पट्टीनं पायालाच बांधून टाकली. रोज सकाळी काडीला जरासा वेढा द्यायचा. दोरा ताणला की हात काढून घ्यायचा. मग दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, अशानं माझी म्हातारपणी सुटका होईल. तो म्हणाला, घाई झालेली तुला हाय, त्याला न्हाई. आन् तो बी जीवच हाय.

माझ्या पायात राहून मला खाणाऱ्याची बाजू घेणारा काका मला तोवर माहीत नव्हता.

मग त्यानं मला दुखणं बघायला शिकवलं. डोळे मिटायचे, श्वास आत जातो-बाहेर येतो तो बघायचा, मग आग होते तिथं लक्ष न्यायचं. पण 'माझं दुखून राहिलं' म्हणायचं नाही. नुसतं 'दुखतं' म्हणायचं.

"माझं न्हाई तर मग कुणाचं दुखतं?" मी विचारलं. "शेवंताआत्याचं?"

आत्या आतून ओरडली, "माझ्यावर काहून ढकलतो रे मुडद्या? तुजं तूच बघ."

मी बघितलं. श्वास बघायला गेलो की तो अडखळायचा. मला वाटायचं, हा आजवर आपला आपण चालू होता, आता आपण बघतोय म्हणून थांबला तर? दुखणं बघायला गेलो तर ते आणखी मोठं दिसायचं. काकाला सांगितलं तर तो खूश झाला. बराबर बघून राहिला म्हणाला. माझा संशय पक्का झाला.

भगत

काकाच्या काडीवर मायचाही विश्वास नव्हता. तिनं कुणाला न सांगता पलीकडच्या गावचा भगत आणला. त्यानं ज्वारीचे दाणे टाकले, पुन्हा गोळा केले, पुन्हा टाकले. मग मायला म्हणाला की हे दुखणं ज्या घरात शिरत न्हाई, त्या घरातून निघून राहिलं आहे.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. पाय जळत होता, रेच्याचा हंगाम हातचा जाईल अशी धास्ती होती, आणि तरी आनंद झाला, कारण माझं म्हणणं बरोबर निघालं होतं. संशयी माणसाला सुख मिळतं ते इथं. सगळं डोळ्यांपुढं लखलखीत झालं. काकानं ब्रह्मदेशातून विद्या आणली होती. फडक्यातून झटकत होता ते किडे नव्हते, काही तरी वेगळंच होतं. आणि माझ्या पायाला बांधलेली ती काडी इलाज नव्हता. तो खुंटा होता, आणि मी त्याला बांधलेलं कोकरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोणपाटावरून उठायच्या आत मी पट्टी सोडली, काडी धरली आणि एका दमात ओढली.

दोरा तुटला. तुटल्याचा आवाज झाला नसणार, पण मला तो ऐकू आला. बाहेरचा तुकडा काडीला लोंबत राहिला आणि उरलेला आत गेला, जसं उंदराचं शेपूट बिळात जातं. मी काडी चुलीत टाकली. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. मग ताप. मग पायाचा रंग पाहून सुंद्रानं तोंडावर पदर धरला. मायनं काकाच्या दारात उभं राहून त्याला वाटेल ते बोलून घेतलं. काका पाणी गाळत राहिला. आत्या गप्प राहणारी नव्हती. दोन घरांत एक भिंत होती, त्या दिवसापासून ती खरी भिंत झाली. देणं-घेणं बंद, लेकरांनी तिकडे जायचं नाही.

बैलगाडी मिळवली ती मात्र काकानं. कुणाची, कशी, मला माहीत नाही. औंढ्याचा चढ येईपर्यंत तो गाडीमागून चालत आला. मी गाडीत पडल्या पडल्या सुंद्राला म्हणालो की हा मला गावाबाहेर घालवून येतोय. ती म्हणाली, "आवं, तुमाला तापात तरी दुसरं काही सुचू द्या."

दाराजवळची खाट

हिंगोलीच्या दवाखान्यात मला दाराजवळची खाट दिली. बाकीच्या खाटा भिंतीला ओळीनं आणि माझी एकटीची बाजूला. मी लगेच ओळखलं: जात विचारून घेतली असणार. दिवसभर मी त्या खाटेवर अपमान गिळत पडून होतो. शेजारच्या खाटेवर वारंग्याकडचे एक कल्हईवाले चाचा होते, रहीमचाचा, पाठीवर गळू झालेले. त्यांना मी म्हणालो की इथंही आमाला उंबऱ्याशीच ठेवलं. ते पालथे पडले होते. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पाव सडेला हाय तुजा," ते म्हणाले. "वास येऊन राहिला म्हणून दाराला ठेवलं. मी तर म्हणलो होतो भाईर झाडाखाली टाका."

दवाखान्यात दिवस असा जायचा: सकाळी पट्टी सोडायची, पू काढायचा, पुन्हा पट्टी. यात किती लिहिणार? पट्टी सोडायला येणारा कंपाउंडर दिसला की मी आधीच ओरडायचो, म्हणजे खरं दुखेल तेव्हा ओरडायला दम शिल्लक राहू नये. दुपारी वॉर्ड तापायचा. रहीमचाचा आपल्या ताटाच्या झाकणानं स्वतःला वारा घालायचे आणि मधूनच चार हात माझ्या पायावरच्या माश्यांसाठी खर्च करायचे. त्यांनी त्यांच्या कपातला अर्धा चहा मला बशीत ओतून दिला तेव्हा मी तो आधी हुंगला. ते म्हणाले, जहर हाय, पण साखर बराबर हाय. मी प्यालो.

तिथं पडून मी काकाचं आणखी एक शिकवणं करून बघितलं. त्याचं म्हणणं असं की पडल्या पडल्या लोकांचं भलं चिंतायचं. आधी स्वतःचं, मग आपल्या माणसाचं, मग जो आपला कुणी नाही त्याचं, मग वैऱ्याचं. स्वतःचं मी सहज चिंतलं. सुंद्राचं, लेकरांचं, मायचं झालं. कुणी नाही असा कंपाउंडर होता. त्याचंही दात-ओठ खाऊन चिंतलं. वैऱ्यांपाशी आलो तेव्हा रांगच लागली. जिनातला मुकादम, गावचा पाटील, जवळ्याचा गूळवाला, आणि रांगेच्या अगदी पुढं काका. काकाचं भलं काकानं शिकवलेल्या रीतीनं चिंतायचं म्हणजे त्याच्याच जाळ्यात जायचं, असं मला वाटलं. मी डोळे उघडले आणि चाचांना विचारलं की चहा आहे का.

पाय माझा नाही

मग एक दिवस डॉक्टर आले. हैदराबादकडचे, घाईचे. त्यांनी पाय दाबून बघितला, नाकाला रुमाल लावला आणि कंपाउंडरला काही तरी बोलले. त्यातला 'काटना' एवढा शब्द मला समजला.

काही तरी धरायला हवं होतं आणि हाताशी काकाचीच विद्या होती. मी डोळे मिटून म्हणू लागलो: दुखतं, माझं न्हाई. पाय हाय, माझा न्हाई. भीतीनं आवाज मोठा झाला असावा.

डॉक्टरांनी चाचांना विचारलं, हा काय म्हणतोय? चाचांनी सांगितलं, पाव मेरा नहीं बोलता.

डॉक्टर म्हणाले, "अच्छा है. फिर तो काटने में किसी की इजाजत की जरूरत नहीं."

मी डोळे उघडून दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि हा पाय माझाच आहे, बापाकडून आलेला आहे, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं. तेव्हापासून मी ते वाक्य फार जपून वापरतो. काकाला पुढं विचारलं तर तो म्हणाला, माझा न्हाई म्हणायचं ते पायाचं दुखणं हलकं व्हावं म्हणून, पाय टाकून द्यावा म्हणून नव्हं. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं.

पाय कापला नाही. चिरून आत होतं ते काढलं. उतार पडायला लागला त्या दिवशी डॉक्टर पुन्हा आले आणि खाटेच्या काठावर टेकले. सुंद्रा भाकरी घेऊन आली होती. ते म्हणाले, "बावली का पानी पीते क्या तुम लोगां? कपडे में छान को पियो. और ये पाव पानी में नको डालो."

आम्हाला अर्थ लागेना, तेव्हा रहीमचाचांनी उलगडून सांगितलं. नारू फुटलेला पाय पाण्यात सोडला की तो आपली पिल्लं पाण्यात सोडतो. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे खाऊन टाकतात. तो किडा आपल्या पोटात गेला की त्याच्यातलं पिल्लू आतल्या आत वाढतं आणि सालभरानं पायातून दोरा होऊन निघतं. आज जो निघाला तो गेल्या उन्हाळ्यात प्यालेल्या पाण्यातला.

माझा पहिला विचार काय? सरकारला आता आमची बारवही काढून घ्यायची आहे. आडावर नाही, आता बारवेवरही नाही.

सुंद्राचा विचार वेगळा होता. ती हळूच म्हणाली, "काकाच्या घरी तेच करून राहिले न्हाई का?"

भगताचं म्हणणं शब्दाशब्दानं खरं होतं. दुखणं त्या घरात शिरत नव्हतं. फक्त त्याचं कारण ना भगताच्या दाण्यांत पडलं होतं, ना माझ्या.

उठताना डॉक्टरांनी माझ्या उजव्या घोट्यावर बोट ठेवलं. तिथं बारीक फुगवटा होता. दुसरा येऊन राहिला, ते म्हणाले. हा तुटला तर मग मी पाय ठेवायची हमी देत नाही.

काकाचा पेच

गावी आलो तो काठीवर. सरळ काकाच्या दारात गेलो. वाटेत मी नवा संशय तयार करून ठेवला होता: म्हणजे याला सगळं ठाऊक होतं आणि यानं आम्हाला सांगितलं नाही. वर्षानुवर्षं आम्ही लंगडताना हा बघत बसला.

काकानं सगळं ऐकून घेतलं. पाण्याचं, किड्यांचं, सालभराचं. मग म्हणाला, "मला काय ठाऊक? मी तर त्यांच्यासाठी गाळत व्हतो."

"कुणासाठी?"

"किड्यांसाठी."

त्याच्या चेहऱ्यावर मी डाव शोधत होतो. पण काका आता माझ्याकडे बघतच नव्हता. तो दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याकडे बघत होता. मला तेव्हा लक्षात आलं की मी दवाखान्यातून त्याच्यासाठी काय घेऊन आलो होतो. तो रोज ज्यांना जपून, "जा, आपापल्या घरी जा" म्हणत बारवेत सोडत होता, ते वाड्याच्या पायापायांत शिरत होते.

पुढचे काही दिवस तो गोणपाटावर बसला, पण आत्या म्हणाली की बसल्यावर पाठ वाकलेली असते. पाणी त्यानं गाळलं, पण फडकं झटकायला गेला नाही; एका मडक्यात बुडवून ठेवलं. मडक्यातलं पाणी हिरवट होऊ लागलं. आत्यानं माझ्यापाशी येऊन तक्रार केली की हा घरात किडे पाळून राहिला.

मग एका सकाळी त्यानं ते मडकं उचललं, बारवेपासून लांब वाटेवरच्या तापल्या मातीवर नेलं आणि ओतलं. मी काठी टेकत मागून गेलो होतो. जमिनीनं पाणी पिऊन टाकेपर्यंत तो उभा राहिला.

"मेले," तो म्हणाला. "ठाऊक असून मारले."

मी म्हणालो, काका, तुझा हेतू तर चांगला व्हता. जीव न मारायचं शील मोडलं असं न्हाई म्हणता येणार. मला त्याचं मन राखायचं होतं.

"मोडलं," तो म्हणाला. "रोज मोडणार. न्हाई मोडलं म्हणून सोताला फसवलं, तर मंग बसायचं कशाला डोळे मिटून?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्या बोलण्यात शंका घ्यायला जागा सापडली नाही. मी शोधली, नाही असं नाही.

दुसरा दोरा

उजव्या घोट्याचा फोड फुटला तेव्हा मी आपण होऊन खराट्याची काडी घेऊन काकाकडे गेलो. माय रागानं घरात निघून गेली. तिच्या मते एकदा चटका बसूनही मला शहाणपण आलं नव्हतं.

या वेळी मी शिकलो ते सांगतो, कारण तुम्हालाही उपयोगी पडेल. सगळ्यात जास्त धोका सकाळी नसतो, दुपारी असतो. काडी हाताशी असते, घरात कुणी नसतं, आग वाढलेली असते आणि मन म्हणतं, एकच वेढा जास्त. तेव्हा हात उशीखाली घालून त्यावर बसा. मी बसलो आहे. श्वास बघणं तोवर थोडं जमू लागलं होतं. दुखणं कमी होत नाही, पण एकसारखं नसतं एवढं कळतं. चढतं, उतरतं, मधे जरा दम खातं. तेवढ्या दमात आपणही दम खायचा.

बारवेत पाय सोडायची बंदी होती, म्हणून सुंद्रा दुपारी घागर भरून आणायची आणि बारवेपासून लांब, बांधावर बसवून माझ्या पायावर पाणी घालायची. वाड्यातल्या इतर नारूवाल्यांना आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि जाऊन बारवेत पाय सोडले. त्यांचं काय चुकलं? भगतानं सांगितलेलं मी एका रात्रीत मानलं होतं, पण डॉक्टरचं मानायला मला एक पाय द्यावा लागत होता.

पायरीवर

दोरा अर्ध्यावर आला होता तेव्हाची दुपार. घागर घरी राहिली म्हणून सुंद्रा परत गेली होती आणि मी बारवेच्या तोंडाशी, वरच्या पायरीवर, उजवा पाय पसरून बसलो होतो. पायाला काडी. मेंढरांचा आवाज आला आणि ग्यानबा धनगर आला. त्याच्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती. चिंधी बघून मला कळलं की तो कशाला आलाय. मेंढरं वर सोडून तो सरळ पायऱ्यांकडे आला. वाट अरुंद, त्यात माझा पाय.

मी गप्प बसलो असतो तर त्यात काही बिघडत नव्हतं. म्हणजे, माझं तरी.

"ग्यानबाबा," मी म्हणालो, "पाय पाण्यात सोडू नका."

तो थांबला. ऐकू आलं ते खरं की काय, म्हणून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"काहून? बारव तुज्या बापाची हाय?"

"न्हाई."

"मंग तू मला पाण्याला नको म्हणून राहिला? तू?"

पाण्याला नको, हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो होतो. ते माझ्या तोंडून निघालं हे त्याला जितकं चमत्कारिक वाटलं तितकंच मलाही. त्यानं काठी उचलली नाही, नुसती एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी श्वास बघायचा म्हटलं, पण मला काठीच दिसत होती. आणि तिच्यापेक्षा जवळ, माझ्या घोट्याची काडी. मारायचीही गरज नव्हती. तो नुसता पायानं माझा पाय बाजूला सारून उतरला असता तरी दोरा तुटला असता.

मी त्याला दवाखान्याचं सांगितलं. किड्याचं, सालभराचं.

"पाणी पिलं गेल्या साली आन् किडा निघाला यंदा," तो म्हणाला. "येडा समजून राहिला मला? ह्यात तुजा काय फायदा हाय ते सांग."

तुमचं भलं व्हावं म्हणून, असं म्हणायचं होतं. काकानं तेच म्हटलं असतं. पण असं कुणी मला म्हटलं असतं तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक होतं. म्हणून मी म्हणालो, "माझा फायदा हाय. तुमी आज पाय घातला की उद्या ते पाणी माजी बायको भरणार. लेकरं बारवेवरच न गाळता पिणार. पुढल्या उन्हाळ्याला त्यांचे पाय."

हे त्याला पटलं. भल्याची गोष्ट कानात शिरत नाही, फायद्याची शिरते. मग माझ्या पायावरून लांब ढांग टाकून, काडीला न शिवता, तो खाली उतरला. मी मान वळवून बघत होतो. शेवटच्या पायरीवर तो वाकला, पाण्यात पाय न घालता आपला तांब्या बुडवला आणि वर आला. बारवेच्या तोंडापासून लांब, बाभळीखाली बसून त्यानं चिंधी सोडली आणि पाण्याची धार पायावर धरली. त्याच्या तोंडून निघालेला हुंकार मला चांगला ओळखीचा होता. माझ्या पायाची आग त्यानं आणखी वाढली.

"कवा कळंल खरं का खोटं?" त्यानं विचारलं.

"पुढल्या उन्हाळ्याला."

"तवर?"

"तवर काही कळत न्हाई."

त्याला हे अजिबात आवडलं नाही. तवर मी तुज्यावर डोळा ठिवणार, तो म्हणाला. ठेवा, मी म्हणालो. मग तो पुन्हा खाली उतरला, पुन्हा तांब्या भरून आणला, आणि मला वाटलं आता दुसऱ्यांदा आपल्या पायावर घेईल. पण तो माझ्यापाशी थांबला. हात उंच धरला, शिवाशीव होणार नाही एवढा उंच, आणि वरून माझ्या पायावर पाणी सोडलं. असं वरून ओतलेलं पाणी मी ओंजळीत पुष्कळदा घेतलेलं आहे. पायावर ते पहिल्यांदा पडलं. धार त्यानं बारीक ठेवली होती आणि काडीच्या बाजूनं घालत होता.

दोरा पुढं सबंध निघाला, तुटला नाही. रेच्याचा हंगाम लागला तेव्हा मी दोन्ही पायांवर उभा होतो. बाजाराच्या दिवशी गावी आलो की ग्यानबा कुठून तरी येतो, माझे पाय बघतो, सुंद्राचे, लेकरांचे बघतो, स्वतःचा वर करून दाखवतो. अजून साल भरायचं हाय, म्हणतो, आणि मेंढरांमागं निघून जातो.